युरोपात पहिली ४ माणसं कुठं घ्यायची, जर्मनीत का पोलंडात?

शिरोलीचा_फौंड्रीवाला:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आणि मशीन शॉप आहे, वडलांनी काढलेली, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. आठ वर्षं युरोपला कास्टिंग जातंय, दोन कस्टमर स्टुटगार्टच्या आसपास आणि तिसऱ्याचा प्लांट पोलंडात व्रोत्सवाफजवळ. आत्तापर्यंत सगळं इथनंच फोन-मेलवर चालवलं, पण मागच्या वर्षी एका लॉटमध्ये ब्लो होल (कास्टिंगमध्ये हवेनं पडलेली भोकं) निघाले, कस्टमरनं चांगला-खराब माल निवडायला तिथलीच सॉर्टिंग एजन्सी लावली आणि त्याचा खर्च आमच्या नावावर टाकणारी डेबिट नोट तासाच्या हिशोबानं आली, ती बघून मला दोन रात्री झोप नाही. आपलं कोणी तिथं असतं तर पहिल्याच दिवशी जाऊन पेट्या उघडून बघितल्या असत्या. म्हणून ४ माणसं घ्यायची ठरवलंय, दोन क्वालिटीला, एक सेल्सला, एक गोदाम आणि कागदपत्रांना. भाऊ म्हणतो पोलंड, कारण माणसामागचा खर्च जर्मनीच्या निम्म्याहून कमी. माझं मन जर्मनीकडं आहे पण जो तो भीती घालतो की जर्मनीत माणूस एकदा घेतला की काढता येत नाही. ज्यांनी खरंच तिकडं माणसं घेतलीत त्यांनी सांगा.

पंचगंगाकाठ:
भावा, पोलंडच घे, यात विचार करण्यासारखं काही नाही. आम्ही पाच वर्षांपूर्वी तिथं कंपनी काढली, भांडवल ५,००० झ्लोटी लागलं. जर्मनीत जीएमबीएच, म्हणजे तिथली प्रायव्हेट लिमिटेड, काढायची तर २५,००० युरो भांडवल, त्यातले निम्मे नोंदणीच्या वेळेला भरलेले दाखवायचे. ग्लिवित्से, कातोवित्से, व्रोत्सवाफ हा सगळा पट्टा गाड्यांच्या कारखान्यांचा, पोरं इंजिनियर, इंग्रजी चांगलं, पीपीएपी (नवीन पार्ट कस्टमरकडनं मंजूर करून घ्यायची कागदपत्रं) म्हणजे काय ते समजावत बसावं लागत नाही. आजारपणाचे पहिले ३३ दिवस मालकानं द्यायचे ते पण साधारण ८० टक्क्यांनी, जर्मनीत सहा आठवडे पूर्ण पगार. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, आमची आजी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची. १९४३ ते ४८ तिथल्या निर्वासितांच्या कॅम्पात पाचेक हजार पोलिश लोक राहिले, आजी त्यांच्या बायकांबरोबर बाजार करायची. मी तिकडं कोल्हापूर म्हटलं की लोक ओळख दाखवतात, वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ही माया दुसऱ्या कुठल्या देशात मिळायची नाही.

स्टुटगार्टहून_मेधा:
दादा, वळिवड्याबद्दल मलाही तेवढाच अभिमान आहे, पण त्यावर माणसं कुठे घ्यायची ते ठरवू नका. मी इथे १४ वर्षं एचआरमध्ये आहे आणि "जर्मनीत काढता येत नाही" हे वाक्य मी भारतातल्या प्रत्येक छोट्या कंपनीकडून ऐकलंय. तो जो कडक कायदा आहे तो १० पेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी लागतो, आणि तिथेही नोकरीला सहा महिने झाल्यावर. तुमची माणसं ४. प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत ठेवता येतं, त्यात नोटीस दोन आठवड्यांची, नंतर कायद्याने चार आठवड्यांपासून सुरू आणि जशी वर्षं वाढतील तशी वाढत जाते. नवीन कंपनीला पहिली चार वर्षं कुठलंही खास कारण न देता मुदतीचे करार करता येतात, तेही एकूण चार वर्षांपर्यंत, एरवी ही मर्यादा दोन वर्षांची असते.

आता पोलंडचं बघा. तिथे एक माणूस असला तरी कायम करारातला माणूस काढताना लेखी कारण द्यावं लागतं, आणि २०२३ पासून मुदतीच्या करारालाही कारण लागतं. म्हणजे काढण्याचीच भीती असेल तर ४ माणसांसाठी जर्मनी जास्त मोकळी आहे. हे कोणी सांगत नाही कारण सगळे मोठ्या कंपन्यांच्या गोष्टी ऐकून बोलतात.

आजारपणाचंही तसंच. ३० पर्यंत कर्मचारी असलेल्या कंपनीला एक छोटी वर्गणी भरावी लागते, तिच्यातून आजारी माणसाच्या पगाराचा बराचसा भाग आरोग्य विम्याकडून परत मिळतो. आणि सध्या इथे ३०-३० वर्षं काम केलेले क्वालिटीवाले मोकळे होतायत, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एकट्या झेडएफ कंपनीनेच २०२४ मध्ये जर्मनीतल्या १४,००० पर्यंत नोकऱ्या कमी करणार म्हणून जाहीर केलं. अशी माणसं पाच वर्षांपूर्वी तुमच्या आकाराच्या कंपनीकडे ढुंकून पाहत नव्हती.

चाकण_वर्कशॉप:
मेधाताई, कायद्यात काय लिहिलंय ते ठीक, पण अनुभव वेगळा असतो. आम्ही जर्मनीत एक सेल्सवाला घेतला, वर्षभरात एक ऑर्डर नाही, शेवटी त्याला ईमेलवर टर्मिनेशन पाठवलं. त्याच्या वकिलाचं उत्तर आलं की ईमेल चालत नाही, सहीचा मूळ कागद हातात पडला पाहिजे. मग परत कागद काढला, कुरियर केला, तोपर्यंत महिना उलटला आणि नोटीस तिथून परत पहिल्यापासून मोजली. जवळजवळ तीन महिन्यांचा पगार फुकट गेला. छोट्या माणसाला हे परवडत नाही, माझं मत पोलंड.

स्टुटगार्टहून_मेधा:
तुमचं नुकसान झालं याचं वाईट वाटतं, पण लेखी कागद पोलंडमध्येही लागतोच, ती चूक देशाची नव्हती. पाचशे युरो देऊन वकिलाला एकदा विचारलं असतं तर वाचलं असतं.

पंचगंगाकाठ:
ताई, कारण लिहायचं म्हणजे काय मोठं, लिहायचं. आणि पोलंडात बरेच इंजिनियर स्वतःची फर्म काढून बी-टू-बी करारावरच काम करतात, त्यांना हा कायदाच लागत नाही.

सांगलीचा_सीए:
बी-टू-बीचा सल्ला जपून द्या. माणूस रोज तुमच्याच वेळेत, तुमच्याच साहेबाच्या हाताखाली, तुमचंच काम करत असेल तर तो कर्मचारीच आहे असं तिथले अधिकारी आणि कोर्ट म्हणू शकतात आणि मग मागचं सगळं भरायला लागतं.

फौंड्रीवाले साहेब, तुम्ही पगारावरच अडकलाय, म्हणून तीन गोष्टी सांगतो. सेल्सवाला तिथे बसून नेहमी तुमच्या वतीने ऑर्डर पक्क्या करत असेल तर त्या देशात तुमचं कायमचं धंद्याचं ठिकाण आहे असं धरून नफ्यावर कर लागू शकतो, मग तो कुणाच्याही पेरोलवर असो. म्हणून एजन्सीच्या पेरोलवर घेतला म्हणजे सुटलो असं समजू नका, शिवाय जर्मनीत भाड्याने घेतलेला माणूस एकाच कंपनीकडे साधारण १८ महिन्यांपर्यंतच ठेवता येतो. दुसरं, सेल्सवाला सोडून गेल्यावर तुमच्याच कस्टमरकडे दुसऱ्याचा माल घेऊन जाऊ नये असं वाटत असेल तर त्या बंदीच्या काळात जर्मनीत निदान निम्मा पगार द्यावा लागतो, पोलंडमध्ये निदान २५ टक्के. फुकट बंदी कुठेच नाही. तिसरं, कंपनी कुठेही काढा, पैसे बँकेमार्फत २०२२ च्या ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंट नियमांप्रमाणे फॉर्म एफसी भरूनच पाठवा आणि दर वर्षी ३१ डिसेंबरच्या आत परफॉर्मन्स रिपोर्ट द्या, हे विसरलेले लोक माझ्याकडे रडत येतात.

कागलकर_दत्ता:
सगळे परके लोकच का घ्यायचे म्हणे? आपल्या फौंड्रीत दहा वर्षं राबलेला पोरगा पाठवा. ब्लो होल वाळूमुळं आलं का ओतताना आलं, ते त्याला बघितल्या बघितल्या कळतंय, तिथल्या माणसाला ते शिकवायला वर्ष जाईल. पुण्यात मॅक्समुल्लर भवनला जर्मन शिकवा आणि धाडा.

स्टुटगार्टहून_मेधा:
दत्ता, मनापासून पटतं, एक माणूस तसाच असावा. पण शेंगेन बिझनेस व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस, तेही मीटिंगपुरते, रोज गोदामात उभं राहून माल वेगळा करायला नाही. ब्लू कार्ड (शिकलेल्या परदेशी माणसांचा कामाचा परवाना) काढायचं तर डिग्री पाहिजे आणि पगाराची अट आहे, २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो, इंजिनियरसारख्या टंचाईच्या कामांना ४३,७५९. दहा वर्षं राबलेल्या मुलाकडे बऱ्याचदा डिग्री नसते, तिथेच अडतं.

आणि भाषेचं सांगते. तुमच्या कस्टमरचा क्वालिटी हेड मीटिंगमध्ये इंग्रजी बोलेल. पण लाइन थांबली की तो वैतागलेला असतो, तेव्हा जर्मनच बोलतो. त्या वेळी फोन उचलून त्याच्या भाषेत "तासाभरात पोचतो" म्हणणारा माणूस पाहिजे. व्रोत्सवाफहून स्टुटगार्ट पावणेआठशे-आठशे किलोमीटर आहे, म्हणजे कोल्हापूरहून मुंबईला जाऊन परत येण्याएवढं. तो माणूस पोचेपर्यंत सॉर्टिंग एजन्सीचं मीटर चालूच.

शिरोलीचा_फौंड्रीवाला:
सगळ्यांचे आभार. काल रात्री भावाबरोबर जेवता जेवता हा सगळा धागा वाचला. अंतराचा मुद्दा त्याला पटला, डेबिट नोट त्यानंच हातात घेतली होती ना. आता एवढं ठरलंय की क्वालिटीचा पहिला माणूस स्टुटगार्टजवळ, मोठ्या कंपनीतनं बाहेर पडलेला कोणी पन्नाशीचा मिळाला तर उत्तम, आणि सेल्सला आत्ता कोणालाच घ्यायचं नाही, ऑर्डर आम्ही दोघंच इथनं पक्क्या करणार. गोदामाचं मात्र भाऊ ऐकत नाही, ते पोलंडातच पाहिजे म्हणतो.

पंचगंगाकाठ:
मग भाऊचंच ऐक. गोदामाला जर्मनीत २०२६ पासून तासाला १३.९० युरोच्या खाली माणूस ठेवता येत नाही, आणि गोदामातल्या माणसाला जर्मन बोलायची गरज काय? पुढच्या महिन्यात भाऊला व्रोत्सवाफला पाठव, माझ्याकडं राहू दे, दोन गोदामं मी स्वतः दाखवतो.

स्टुटगार्टहून_मेधा:
गोदाम पोलंडमध्ये ठेवलंत तर बदली माल स्टुटगार्टला पोचायला निदान एक दिवस धरा. कस्टमरच्या लाइनवर किती दिवसांचा स्टॉक असतो ते आधी विचारा.