४,००० ओळींचा ऑर्डर-सर्व्हिस क्लास: फोडायचा कुठून?

प्रश्न:
जावा, स्प्रिंग बूट. किंमत, साठा, पेमेंट, ईमेल सगळं एकाच क्लासमध्ये कोंबलेलं आहे. टेस्ट जवळजवळ नाहीत. सगळं नव्याने लिहिणं शक्य नाही, फीचर्सचं काम चालूच राहणार. सुरुवात कुठून करावी? आणि फोडताना नेमकं काय मोडतं?

उत्तर १:
आधी आत्ताचं वागणं पकडून ठेवा. खऱ्या ऑर्डरी घ्या, खासगी माहिती काढून टाका, त्या या कोडमधून चालवा आणि येईल ते उत्तर जसंच्या तसं फाइलीत साठवा. उत्तर चुकीचं दिसलं तरी आत्ता हात लावू नका. बगची दुरुस्ती आणि रिफॅक्टरिंग (वागणं न बदलता कोडची रचना बदलणं) एकाच कमिटमध्ये (कोडच्या एका नोंदवलेल्या बदलात) आलं, की फरक कशामुळे पडला ते कळत नाही. कोड आजची तारीख स्वतःच घेत असेल तर क्लॉक बाहेरून द्या, नाहीतर आज पास झालेली टेस्ट उद्या पडेल.

पहिला तुकडा किंमतीचा काढा. आकडे आत, आकडा बाहेर, डेटाबेसचा संबंध नाही. फक्त राउंडिंग सांभाळा: २.५ चे हाफ-अपने (अर्ध्याला वरच्या आकड्याकडे) ३ होतात, हाफ-ईव्हनने (अर्ध्याला जवळच्या सम आकड्याकडे) २. जुनी मेथड तशीच राहू द्या, तिने फक्त नव्या क्लासला बोलवायचं.

उत्तर २:
खरा धोका ट्रान्झॅक्शनचा (डेटाबेसमधले बदल एकत्र, म्हणजे सगळे पक्के नाहीतर सगळे रद्द). स्प्रिंगचं ट्रान्झॅक्शनल ॲनोटेशन नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीमार्फत (क्लासच्या पुढे बसलेल्या मध्यस्थामार्फत) चालतं. एकाच क्लासमधली मेथड आतूनच बोलावली तर प्रॉक्सी मध्ये येत नाही, म्हणजे तिच्यावरचं रिक्वायर्स-न्यू (वेगळं नवं ट्रान्झॅक्शन उघडा, ही सूचना) आजवर नुसतं लिहिलेलं होतं. तीच मेथड वेगळ्या बीनमध्ये (स्प्रिंग सांभाळतं त्या ऑब्जेक्टमध्ये) हलवली की ते जागं होतं. मग पेमेंट फसून ऑर्डर रोलबॅक (रद्द) होते, पण साठा मात्र कमी झालेलाच राहतो. कोड एका अक्षरानेही न बदलता! म्हणून हलवण्याआधी ही ॲनोटेशन्स शोधा.

उत्तर ३:
ऑर्डरला साठा हवा, साठ्याला ऑर्डर, असं चक्र तयार झालं तर स्प्रिंग बूट २.६ पासून नेहमीच्या सेटिंगमध्ये ॲप सुरूच होत नाही. लेझी (गरज पडेपर्यंत बीन तयार न करणं) लावून ते दडपू नका. साठ्याला अख्खी ऑर्डर लागत नाही. वस्तूचा आयडी आणि नग पुरतात.

प्रश्नकर्ता:
रिक्वायर्स-न्यू दोन ठिकाणी सापडलं, साठा आणि ऑडिट (काय घडलं याची नोंद). दोन्हीकडचं काढू?

उत्तर २:
साठ्यावरचं काढा, तो ऑर्डरसोबतच कमिट (डेटाबेसमध्ये पक्का) किंवा रोलबॅक व्हायला हवा. ऑडिटची नोंद ऑर्डर फसली तरी हवी असेल तर तिथे ठेवा. मात्र त्याला दुसरं डेटाबेस कनेक्शन लागतं. हिकारी या कनेक्शन सांभाळणाऱ्या लायब्ररीचा पूल (तयार कनेक्शनांचा संच) मुळात १० चा असतो; १० थ्रेड एकेक धरून दुसऱ्याची वाट बघत बसले की ३० सेकंदांनी टाइमआउट. लोड टेस्ट करूनच पूल वाढवा.