अपडेटनंतर पानं उघडेनात म्हणून अपडेटच बंद करायचं?

पाटीपेन्सिल

काल एका धाग्यात कोणीतरी लिहिलं, "ब्राउझर अपडेट झाला की पानं उघडायची बंद होतात. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जा, ब्राउझरची अपडेट सेवा डिसेबल करा, आयुष्यभर कटकट नाही." खाली 'धन्यवाद, झालं काम' म्हणणाऱ्यांची रांग. कोणतं पान, एरर काय येते, मोबाइलच्या डेटावर तेच पान उघडतं का, हे एकानेही विचारलं नाही. असे सल्ले घराघरांतल्या संगणकांवर वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

१३ जानेवारी २०२२ आठवा. फायरफॉक्स ९६ येऊन दोनच दिवस झाले होते आणि जगभर लोकांची पानं उघडेनाशी झाली. टॅब नुसता फिरत राहायचा, प्रोसेसर तापायचा. सगळ्यांनी निकाल देऊन टाकला : नव्या आवृत्तीचा दोष. प्रत्यक्षात बदल झाला होता गूगल क्लाउडच्या लोड बॅलन्सरवर, म्हणजे येणाऱ्या विनंत्या सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेवर. तिथे एचटीटीपी/३ (पानं आणायची नवी पद्धत) आपोआप चालू झालं आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची टेलिमेट्री (ब्राउझर आपोआप पाठवतो ती वापराची माहिती) त्याच सर्व्हरकडे जात होती. फायरफॉक्सच्या कोडमध्ये एक दोष आधीपासून दबा धरून बसला होता. एक भाग 'कंटेंट-लेंग्थ' हे हेडर (विनंतीसोबत जाणारी नोंद) लहान, म्हणजे स्मॉल अक्षरांत पाठवायचा, एचटीटीपी/३ चा भाग ते कॅपिटल अक्षरांसकट शोधायचा. सापडलं नाही की न संपणारा लूप. ब्राउझरचं सगळं नेटवर्क एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच रांगेत, त्यामुळे एका विनंतीने सगळी पानं अडवली. गूगलने सेटिंग मागे घेतल्यावर गाडी सुरू झाली, आणि मूळ दोष दुरुस्त झाला तो ९६.०.१ मध्ये. म्हणजे अपडेटमध्येच! त्या दिवशी चिडून अपडेट बंद करणाऱ्यांनी दोष तेवढा जपून ठेवला.

पान उघडत नसेल तर आधी खासगी विंडोत बघा. तिथे उघडलं तर दोष कुकी, कॅश (साइटचा साठवलेला डेटा) किंवा एखाद्या एक्स्टेन्शनचा. तिथेही नाही, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उघडतंय, तर राउटर, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) नाहीतर ऑफिसचा फायरवॉल (नेटवर्कचा पहारेकरी). सगळ्याच साइट्सवर सर्टिफिकेटची (साइटच्या ओळखपत्राची) तक्रार येत असेल तर संगणकाची तारीख आणि अँटिव्हायरसचं एचटीटीपीएस स्कॅनिंग तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

केंद्रचालक

पाच मिनिटं! माझं सेवा केंद्र तालुक्याच्या गावी आहे. दाखल्यांचे दिवस आले की शटर वर करायच्या आधी ओट्यावर माणसं बसलेली असतात. कुणी रोज बुडवून आलेला, कुणाच्या पोरीच्या प्रवेशाची शेवटची तारीख. अशात अंगठ्याचं मशीन पोर्टलला दिसायचंच बंद झालं. आदल्या दिवशी दिसत होतं. मधे बदललं ते फक्त क्रोम. आता मी प्रयोग करत बसू का लोकांची कामं करू? गूगलचं चुकलं का सर्व्हरचं, हे त्या माणसाला समजावून त्याची मजुरी परत येते का?

अपडेट मी तेव्हाच बंद केलं. बंदच ठेवणार.

निळीशाई

केंद्रचालकांना पूर्ण पाठिंबा. मी करसल्लागार आहे. २०२० च्या फेब्रुवारीत क्रोम ८० आलं आणि कुकीचा 'सेमसाइट' नियम (दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवायची की नाही, हे ठरवणारा) बदलला. बँकेच्या पानावरून पैसे भरून मूळ पोर्टलवर परत आलं की 'सेशन एक्स्पायर्ड'. अशिलाच्या खात्यातून रक्कम गेली आणि चलन नाही. बँक म्हणते पोर्टलला विचारा, पोर्टल म्हणतं बँकेला विचारा. आणि गंमत नाही, संताप आणणारी गोष्ट अशी की एप्रिलमध्ये करोनाचं कारण सांगून गूगलने हाच बदल मागे घेतला, जुलैपासून पुन्हा लागू केला. मागे घेता येत होता तर माझ्या अशिलाचे पैसे अडकायच्या आधी का नाही घेतला?

पोर्ट४४३

कारण तो बदल मे २०१९ मध्येच जाहीर झाला होता. पोर्टलवाल्यांनी कुकीवर 'सेमसाइट=नन; सिक्युअर' एवढं लिहायचं होतं. कित्येक महिने मिळाले, कोणी हात लावला नाही. आणि नियम कशासाठी होता? दुसऱ्या साइटने तुमच्या नकळत तुमच्या लॉगिनचा वापर करू नये म्हणून. पैशांच्या पोर्टलला तर तो सगळ्यात आधी हवा.

मी नेटवर्क सांभाळतो, म्हणून माझ्याकडचं सांगतो. एप्रिल २०२४ मध्ये क्रोम १२४ आलं आणि आमच्याकडे काही अंतर्गत पानं 'कनेक्शन रिसेट' देऊ लागली. फायरफॉक्समध्ये व्यवस्थित. सगळं ऑफिस क्रोमच्या नावाने बोटं मोडत होतं. झालं होतं असं की क्रोमने क्वांटम संगणकांपासून बचाव म्हणून कायबर ही नवी किल्ली डीफॉल्ट केली. त्या किल्लीचाच आकार ११८४ बाइट. त्यामुळे जोडणीचा पहिला निरोप एका पॅकेटात मावेना, दोनात जाऊ लागला. आमचा जुना फायरवॉल पहिलं पॅकेट वाचून 'एवढंच आहे' असं धरून चालायचा. निरोप दोन पॅकेटांत येऊ शकतो हे मानकात पहिल्यापासून आहे. क्रोमच्या फ्लॅग्जमध्ये (प्रायोगिक सेटिंग्जच्या पानावर) जाऊन कायबर तात्पुरतं बंद केलं, फायरवॉलचं फर्मवेअर बदललं, फ्लॅग परत चालू केला. अपडेटने दोष दाखवला, केला नाही.

ठिणगी

तुम्ही सगळे मूळ सोडून बोलताय. मूळ आहे ते पोर्टल बांधणाऱ्यांचं. मी निविदा भरायचे तेव्हा डिजिटल सहीसाठी जावा अ‍ॅपलेट (ब्राउझरच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) लागायचं. क्रोम ४५ ने सप्टेंबर २०१५ मध्ये त्याला लागणारा एनपीएपीआय (प्लगइन चालवायची जुनी सोय) काढला, फायरफॉक्स ५२ ने मार्च २०१७ मध्ये. राहिला इंटरनेट एक्स्प्लोरर. 'हे पान फक्त आयई ११ मध्ये पाहा' ही ओळ किती वर्षं वाचली! त्यासाठी एक वेगळा संगणक, त्यावर ठराविक जावा, त्याला कोणी हात लावायचा नाही. निविदेच्या शेवटच्या तासाला तेच मशीन 'अ‍ॅप्लिकेशन ब्लॉक्ड' म्हणणार आणि भावाचं वर्षाचं काम हातचं जाणार. आमचं गेलं आहे. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला आयई निवृत्त केला, तरी एजमध्ये आयई मोड ठेवावा लागला, तो अशाच पोर्टलांसाठी.

निळीशाई

ठिणगी, अगदी! आणि सहीचा डोंगल दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावला की ओळखत नाही, ते वेगळंच.

ठिणगी

डोंगलचं तर नावच नको. मुदत संपली की नवीन घ्या, नवा ड्रायव्हर टाका, जुना काढायला विसरलात तर दोन्ही बंद.

हेमांगी_म

सहीवरून गाडी कुठे चालली आहे? पण बोलायचंच तर माझंही ऐका. कोणत्याही हेल्पलाइनला फोन लावा, पहिलं वाक्य ठरलेलं : 'मॅडम, कॅश आणि कुकीज क्लिअर करा.' एका इंटरनेट कंपनीच्या माणसाने माझ्या बाबांकडून फोनवर हे करून घेतलं. 'ऑल टाइम' निवडायला लावलं, 'पासवर्ड्स'च्या चौकोनातही टिक करायला लावली. बाबा बहात्तर वर्षांचे. पेन्शनचं, गॅसचं, विजेचं, सगळ्यांचे पासवर्ड तिथेच होते. पान तर उघडलं नाहीच. दोष राउटरचा निघाला. हे 'साधे उपाय' सांगणाऱ्यांना समोरच्याचं काय जातंय याची काही फिकीर नसते. पाटीपेन्सिल, तुमच्या त्या 'कुकी, कॅश' वाक्याने मला तोच फोन आठवला.

पाटीपेन्सिल

मी सगळं पुसा असं कुठेही म्हटलेलं नाही. एकाच साइटचा डेटा काढता येतो : पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून, कुकीज आणि साइट डेटामधून. बाकीच्या लॉगिनना धक्का लागत नाही. आणि कंट्रोल-शिफ्ट-आर दाबलं तर काहीच न पुसता पान सर्व्हरवरून नव्याने येतं. त्या हेल्पलाइनवाल्याने केलं ते निषेधार्हच आहे.

जुना_गडी

माझा विंडोज ७ चा संगणक आजही ठणठणीत आहे. क्रोम १०९ वर थांबलो, कारण पुढचं चालतच नाही. ज्या कंपन्या मला वाऱ्यावर सोडतात त्यांच्या अपडेटचं कौतुक मी का करू? सुरक्षेच्या गप्पाही पुरे. मार्च २०२० मध्ये फायरफॉक्स ७४ ने टीएलएस १.० आणि १.१ (जोडणी सुरक्षित करायच्या जुन्या पद्धती) बंद केलं आणि करोनाची माहिती देणाऱ्या काही सरकारी साइट्स उघडत नाहीत म्हणून लगेच परत चालू केलं. धोकादायक होतं तर परत का आणलं?

पोर्ट४४३

कारण साथीच्या माहितीचं पान न उघडणं हा त्या आठवड्यांत मोठा धोका होता. काही महिन्यांनी फायरफॉक्स ७८ मध्ये ते पुन्हा बंद झालंच. तुम्ही अर्धीच गोष्ट सांगता.

आणि एका जागी थांबल्याने पानं चालू राहतात हा भ्रम आहे. ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं मूळ सर्टिफिकेट (ज्याच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटं मानली जातात) संपलं, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत सर्टिफिकेटं वापरणाऱ्या असंख्य साइट्स जुन्या उपकरणांवर उघडायच्या बंद झाल्या. त्या उपकरणांवर कोणी अपडेट टाकलं नव्हतं, तोच तर प्रश्न होता. १४ मार्च २०२५ ला मोझिलाचं मूळ सर्टिफिकेट संपलं, तेव्हा १२८ च्या आधीच्या फायरफॉक्समधली अ‍ॅड-ऑन्स अडचणीत आली. फक्त विंडोज ७ सारख्यांसाठी ११५ ची ईएसआर शाखा (मोठे बदल टाळून दीर्घकाळ दुरुस्त्या देणारी) सांभाळली गेली. तुम्ही क्रोम १०९ वर बँकेचे व्यवहार करत असाल तर ते थांबवा, हे मी भांडणासाठी म्हणत नाही.

जुना_गडी

बँकेचं मोबाइलवर करतो. ईएसआर ११५ चं माहीत नव्हतं, बघतो. बाकी मतात बदल नाही.

केंद्रचालक

सगळे साहेब लोक सर्टिफिकेटावर बोलताय. माझं मशीन अजून बंद आहे आणि मी शेजारच्या केंद्रावर माणसं पाठवतोय. तुमचा पगार महिन्याला येतो, माझा दाखल्यामागे.

पोर्ट४४३

पगाराचं काढायची गरज नव्हती. क्रोमची आवृत्ती कोणती? मशीन बंद पडलं त्या सकाळी 'स्थानिक नेटवर्कवरील उपकरणांशी जोडणी' अशा अर्थाची चौकट इंग्रजीत आली होती का?

केंद्रचालक

१४२. चौकट आली होती. कसलीतरी परवानगी मागत होती. अनोळखी गोष्टीला ब्लॉक म्हणायचं हेच तुम्ही लोक शिकवता, म्हणून ब्लॉक केली.

पोर्ट४४३

मग तिथेच आहे. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (मशीन आणि पोर्टल यांना जोडणारा प्रोग्रॅम) तुमच्याच संगणकावर १२७.०.०.१ या पत्त्यावर, १११०० पासूनच्या पोर्टवर ऐकत असते. पोर्टलचं पान तिच्याशी बोलतं. क्रोम १४२ पासून, म्हणजे ऑक्टोबर २०२५ अखेर, कोणत्याही साइटला असं बोलायचं तर तुमची परवानगी लागते. पोर्टल उघडून पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर जा, साइट सेटिंग्जमध्ये 'लोकल नेटवर्क'ला 'अलाऊ' करा, पान रिफ्रेश करा. फक्त त्या पोर्टलसाठी करा. आणि तुम्ही अपडेट बंद केलंत ते ब्लॉक केल्यानंतर. त्याने काही सुटणारच नव्हतं.

केंद्रचालक

मशीन दिसायला लागलं. दोन दाखले निघाले.

पण मला हे मान्य करायला लावू नका की यात कुणाचीच चूक नव्हती. चौकट इंग्रजीत, ती पण भर रांगेत. सेवा केंद्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोक विंडोज फॉरमॅट करायला निघालेत, मीच आता तिथे लिहून टाकलं.

पाटीपेन्सिल

वेळेबद्दलचं तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागेल. भर कामात बदललेला ब्राउझर समोर येणं चूकच आहे. त्यावर उपाय आहे : क्रोम नवी आवृत्ती मागे उतरवून ठेवतो, ती लागू होते बंद करून पुन्हा उघडल्यावर. म्हणून शटर ओढायच्या आधी एकदा रीलाँच करून मशीन, प्रिंटर, सही तपासून जा. पोर्टल फायरफॉक्सवर चालत असेल तर ईएसआर घ्या, तिथे मोठे बदल साधारण वर्षाने येतात, मधे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या.

केंद्रचालक

पोर्टल म्हणतं फक्त क्रोम. अपडेट चालू केलंय, पण एकाच मशीनवर. दुसऱ्यावर रविवारी रात्री, पहिलं आठवडाभर नीट चाललं तर. आणि पोर्टलच्या मुख्य पानावर 'ही चौकट आली तर अलाऊ करा' एवढी ओळ टाकायला काय झालं होतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

पोर्ट४४३

त्याला माझ्याकडे उत्तर नाही. टाकायलाच हवी होती, आणि मराठीत.