मदत हवी आहे: यॉर्कशरसारखे फिश अँड चिप्स पुण्यात कसे जमवू?

इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये, ब्रॅडफर्डला असताना दर शुक्रवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून हॅडक (पांढरा समुद्री मासा) आणि चिप्स (बटाट्याचे जाड तळलेले काप) आणायचो. वर भरपूर मीठ, व्हिनेगर आणि कढईतला कुरकुरीत चुरा. त्याला तिकडे ‘स्क्रॅप्स’ म्हणतात. बाबांना पुन्हा तेच खायचंय.

मैदा, कॉर्नफ्लोअर, बेकिंग पावडर आणि थंडगार सोडा असं पीठ करून १८० अंशांवर तळलं. आवरण सुरेख फुगतं, पण दहा मिनिटांत मऊ पडतं. बासा पाणी सोडतो, सुरमईची चव फार पुढे येते. चिप्स दोनदा तळूनही आतून शिजायच्या आधीच काळपट होतात. बटाटे शीतगृहातले असल्याने साखर वाढली असावी.

व्हिनेगरचं कोडं सुटलंय. तिकडे बऱ्याच दुकानांत ॲसेटिक ॲसिड, पाणी आणि कॅरॅमलचा रंग असं मिश्रणच देतात, त्यामुळे साधं पांढरं व्हिनेगर चालून जातं.

तिथे बऱ्याच ठिकाणी तळण गाईच्या चरबीत होतं. आमच्या घरी ते चालणार नाही, त्यामुळे तेलच वापरायचंय. हॅडकसारखे पांढरे, मोठे पापुद्रे सुटणारा मासा म्हणून घोळ घेऊ की जिताडा? आणि चिप्ससाठी मंडईत नेमका कोणता बटाटा मागू?