१८ टीबीच्या नव्या हार्ड डिस्क वापरात घेण्यापूर्वी किती तपासाव्यात?

खडूफळा (प्रश्न):
घरच्या नासमध्ये (नेटवर्कवरून वापरायच्या साठवण-यंत्रात) आरशासारख्या जोडीने, म्हणजे दोन्हींवर तोच मजकूर राहील अशा रीतीने, बसवण्यासाठी १८ टीबीच्या दोन नव्या हार्ड डिस्क घेतल्या आहेत. बॅडब्लॉक्स या डिस्कवरील खराब जागा शोधणाऱ्या आज्ञावलीची लेखन-चाचणी पूर्ण करूनच त्या वापरात घ्याव्यात, असा सल्ला बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतो. परंतु विक्रेत्याकडे बदलून घेण्याची मुदत दहाच दिवसांची आहे. शिवाय ४०९६ बाइटांचा ब्लॉक धरून आज्ञा दिली, तर चाचणी सुरू न होता शेवटचा ब्लॉक क्रमांक ३२ बिटांत मावत नसल्याची त्रुटी येते. चार आकृतिबंधांची (बिटांचे चार ठरावीक नमुने पाळीपाळीने लिहून वाचण्याची) संपूर्ण चाचणी खरोखर आवश्यक आहे काय?

तबकडी:
त्रुटीचे कारण सरळ आहे. बॅडब्लॉक्स ब्लॉकचा क्रमांक ३२ बिटांत ठेवते, त्यामुळे ४०९६ बाइटांच्या ब्लॉकने ते सुमारे १७.६ टीबीपर्यंतच पोहोचते. ब्लॉक ८१९२ बाइटांचा केल्यास अडचण दूर होते. वेळेची तुमची काळजी मात्र योग्यच आहे. तबकडीच्या बाहेरच्या कडेला वेग अधिक आणि आतल्या बाजूला जवळपास निम्मा असतो; सरासरी सेकंदाला २०० एमबी धरली, तरी संपूर्ण डिस्क एकदा लिहायला २५ तास लागतात, आणि चार वेळा लिहून चार वेळा वाचायचे म्हणजे २०० तास, अर्थात आठ दिवसांहून अधिक. दोन्ही डिस्क एकाच वेळी चालवता येतात, म्हणून हा काळ दुप्पट होत नाही, एवढेच.

माझ्या मते एकच फेरी पुरे. आपण पाठवलेले बिट डिस्क जसेच्या तसे तबकडीवर उमटवत नाही, स्वतःच्या संकेतपद्धतीने बदलून लिहिते. त्यामुळे चार आकृतिबंधांना एके काळी असलेला अर्थ आता फारसा उरलेला नाही. आधी स्मार्टची (डिस्कच्या स्वतःच्या आरोग्य-नोंदी ठेवणाऱ्या सोयीची) छोटी चाचणी, मग लेखन-वाचनाची एक फेरी आणि शेवटी स्मार्टची दीर्घ चाचणी, असा क्रम ठेवल्यास चार दिवसांत काम आटोपते. आज्ञा देण्यापूर्वी डिस्कचा अनुक्रमांक दोनदा ताडून पाहावा, कारण ही चाचणी डिस्कवरचे सर्व काही पुसते.

दुवा_तुटला:
एका फेरीशी मी सहमत आहे, परंतु ती बॅडब्लॉक्सच्या एकसारख्या आकृतिबंधाने करू नये. सर्वत्र तेच बिट लिहिले, तर एका जागचा मजकूर दुसरीकडे लिहिला गेला तरी वाचताना सर्व ठीकच दिसते. खोटी क्षमता दाखवणारी डिस्क नेमकी याच फटीतून सुटते. त्याऐवजी डिस्कवर तात्पुरता कूटलेखनाचा (एनक्रिप्शनचा) थर चढवून त्यातून शून्ये लिहावीत आणि ती पुन्हा वाचून ताडावीत. प्रत्यक्ष डिस्कवर प्रत्येक ठिकाणी वेगळा मजकूर पडतो आणि ब्लॉक क्रमांकाची मर्यादाही आड येत नाही.

खडूफळा:
आभार. चाचणीनंतर स्मार्टमधील कोणत्या आकड्यांवरून डिस्क परत करायचे ठरवावे?

तबकडी:
५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी, म्हणजे बदललेले, प्रलंबित आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. कोऱ्या डिस्कवर यांपैकी एकही शून्याहून वर गेला, तर मी वाट न पाहता डिस्क परत करीन. १९९ वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो. ती बदलून पुन्हा पाहावे. सीगेटच्या डिस्कवर १ क्रमांकाच्या नोंदीत भलामोठा आकडा दिसतो, त्याने घाबरू नये. तो केवळ चुकांचा आकडा नसतो.

दुवा_तुटला:
डिस्क सीगेटची असेल, तर एवढ्यावर थांबू नका. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क चालू-तासांची स्मार्ट नोंद शून्य करून नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले. फार्म नावाच्या वेगळ्या नोंदवहीत मात्र खरे तास आढळले. स्मार्टच्या नोंदी वाचणाऱ्या स्मार्टमॉनटूल्स या आज्ञावलीच्या ७.४ आवृत्तीपासून ती वाचता येते. दोन ठिकाणचे तास जुळत नसतील, तर लेखन-चाचणीत दिवस घालवण्याचे कारणच उरत नाही. म्हणून हे सर्वांत आधी पाहावे.