मदत हवी आहे: दुसऱ्या संगणकावर उघडलं की गिट परवानगी मागतं आणि हात न लावलेल्या फायलीही बदललेल्या दाखवतं

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवरच्या (कातळाच्या उघड्या पठारांवरच्या) कातळशिल्पांच्या नोंदी करतोय. उक्षी, देवीहसोळ, बारसू, कशेळी, प्रत्येक ठिकाणाची एक मार्कडाउन (साध्या मजकुराची) फाइल. आकृती कशाची, लांबी-रुंदी किती, कातळाला तडा कुठे गेलाय, गवत वाढलं की कुठला भाग झाकला जातो. कशेळीचा हत्ती तर साधारण १८ मीटर लांब आणि त्याच्या आत आणखी कितीतरी प्राणी कोरलेले, त्यामुळे ती एक फाइल सारखी वाढतेच आहे. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मोजमाप कुणी, कधी, का बदललं हे पुढेही शोधता यायला हवं, म्हणून सगळं गिटमध्ये (फायलींतल्या बदलांचा इतिहास जपणारं सॉफ्टवेअर) ठेवलंय.

सड्यावर रेंजचा भरवसा नाही. त्यामुळे प्रकल्पाचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर (एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइल-पद्धत) फिरतं. रत्नागिरीतल्या माझ्या विंडोज संगणकावर सगळं ठीक चालतं. राजापूरच्या सहकाऱ्याच्या विंडोज लॅपटॉपवर व्हीएस कोड (फायली संपादायचं सॉफ्टवेअर) म्हणतं की हे फोल्डर दुसऱ्याच्या मालकीचं आहे, असुरक्षित असू शकतं. टर्मिनलमध्ये ‘डुबियस ओनरशिप’, म्हणजे मालकी संशयास्पद. परवानगी दिली की चालतं, पण काही दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा.

आमच्यातल्या एका विद्यार्थिनीकडे उबुंटू (लिनक्स) आहे. तिथे हा प्रश्न येत नाही, पण गिट स्टेटस (काय बदललं ते दाखवणारी आज्ञा) दिलं की झाडून सगळ्या फायली बदललेल्या! डिफमध्ये (जुन्या-नव्याच्या तुलनेत) प्रत्येक ओळ आधी लाल, मग हिरवी, आणि मजकूर अक्षरशः तोच. शिवाय फाइलच्या नावात ‘कशेळी’च्या जागी \३४०\२४४\२२५ असे आकडे.

सेफ.डिरेक्टरी या गिटच्या ‘विश्वासाची फोल्डरं’ सांगायच्या सेटिंगला नुसता स्टार (म्हणजे सगळीच फोल्डरं) द्या, असं एकाने सुचवलं. द्यावा का? आणि उबुंटूवरून कमिट केलं (बदल इतिहासात नोंदवले) तर नोंदींचा इतिहास बिघडेल अशी मला खरंच भीती वाटते. कृपया नीट मार्ग सांगा.

उत्तर, मालवणहून:

ताई, स्टार देऊ नका. फोल्डरच्या मालकीची ही तपासणी एप्रिल २०२२ मध्ये गिट २.३५.२ पासून आली, आणि ती सकारण आहे. गिट फोल्डरच्या आतल्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) आणि हूक्समध्ये (आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) आज्ञा लिहून ठेवता येतात. दुसऱ्याने बनवलेल्या फोल्डरमध्ये तुम्ही नुसतं गिट स्टेटस चालवलंत तरी त्या तुमच्या नावाने चालू शकतात. पेनड्राइव्ह कुठकुठे लागतो, तेव्हा दार सताड उघडं ठेवायचं कशाला? तेवढ्या एका फोल्डरचा मार्ग ग्लोबल कॉन्फिगमध्ये (त्या संगणकावरच्या तुमच्या सेटिंगमध्ये) सेफ.डिरेक्टरीखाली घाला.

ही परवानगी प्रकल्पासोबत प्रवास करत नाही. प्रकल्पाच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये लिहिली तर गिट ती मुद्दाम मानत नाही, प्रत्येक संगणकावर वेगळी द्यावी लागते. आणि पुन्हा पुन्हा विचारतं त्याचं कारण बहुतेक ड्राइव्हचं अक्षर. आज ई, उद्या एफ, म्हणजे गिटच्या लेखी मार्गच बदलला. राजापूरच्या लॅपटॉपवर डिस्क मॅनेजमेंटमध्ये पेनड्राइव्हला एक अक्षर कायमचं नेमून द्या.

उबुंटूची भानगड ओळीच्या शेवटाची आहे. विंडोजवर गिटचं ऑटोसीआरएलएफ हे ओळीचा शेवट बदलणारं सेटिंग सहसा चालू असतं, त्यामुळे हातातल्या फायलीत सीआरएलएफ (ओळ संपल्याची विंडोजची दोन अदृश्य चिन्हं) आणि इतिहासात एलएफ (एकच चिन्ह). उबुंटूवर ते सेटिंग नाही, म्हणून प्रत्येक ओळ वेगळी भासते. तिला सांगा, तसंच कमिट करू नकोस. प्रकल्पाच्या मुळाशी डॉट-गिटॲट्रिब्यूट्स फाइल करा, त्यात ‘* टेक्स्ट=ऑटो’ ही एक ओळ (मजकुराच्या फायलींतले ओळींचे शेवट गिटने स्वतः सांभाळावेत), आणि ती फाइल कमिट करा. ही मात्र सगळीकडे सोबत जाते. फोटोंना ती हात लावत नाही.

आकड्यांसाठी गिटचं कोअर.कोटपाथ हे सेटिंग फॉल्स (बंद) करा. नावं शाबूत आहेत, फक्त दाखवताना तसं दिसतं.

उत्तर, दापोलीहून:

वरचं सगळं बरोबर. माझं एवढंच म्हणणं, कामाचं फोल्डर पेनड्राइव्हवर ठेवूच नका. तिथे बेअर रिपॉझिटरी (कामाच्या फायलींशिवाय नुसता इतिहास) करा, प्रत्येकाने आपापल्या संगणकावर क्लोन (पूर्ण प्रत) घ्या आणि पेनड्राइव्ह लावून पुल-पुश (बदल घेणं-देणं) करा. दोघांनी एकाच दिवशी कशेळीची फाइल उघडली तरी कुणाची मोजमापं पुसली जाणार नाहीत, आणि प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची प्रत राहील. बेअरच्या मार्गालाही सेफ.डिरेक्टरीत जागा द्यावी लागेल.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. ती एक ओळ घातल्यावर उबुंटूवर फक्त बारसूची फाइल बदललेली दिसतेय, आणि ती तिने खरोखरच दुरुस्त केली होती. राजापूरला ड्राइव्हचं अक्षर नेमून दिलंय. बेअर रिपॉझिटरी या रविवारी सगळे भेटलो की करतो, तोवर कामाचं फोल्डर माझ्याकडेच ठेवते.