याहूला सौद्यांनी नाही, पहिल्या पानाने बुडवले

वेबसुतार

काल येथे ‘ताळेबंद’ यांनी लिहिले, की याहूची कहाणी दोन वाक्यांत संपते: २००२ मध्ये गूगल विकत घेण्याची बोलणी फिसकटली आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने देऊ केलेले ४४.६ अब्ज डॉलर नाकारले. बाकी ‘पानाच्या रंगरंगोटीला’ काडीचेही महत्त्व नाही. संकेतस्थळे घडवणे हा गेली बावीस वर्षे माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि या शेवटच्या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही.

जेरी यँग आणि डेव्हिड फिलो या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये आवडत्या दुव्यांची वर्गवार यादी केली, ती म्हणजे याहू. माणसांनी वाचून, निवडून लावलेली यादी हीच तिची ताकद होती. पान जवळपास सगळे अक्षरांचे, त्यामुळे मोडेमवरही चटकन उमटणारे. पुढे त्याच पानावर टपाल आले, शेअरचे भाव आले, लिलाव, खेळ, राशिभविष्य, जोडीदार शोधण्याची सोय, सगळे आले. शोधाची पेटी जागच्या जागी राहिली, पण ती अनेकांतली एक झाली. जून २००० मध्ये तर याहूने शोधाचे काम गूगललाच सोपवले आणि निकालाच्या पानावर त्याचे नावही झळकू लागले. लोक याहूच्या दारातून आत येत आणि उत्तर दुसऱ्याच्या घरचे घेऊन जात. त्या दुसऱ्या घराच्या पानावर एक पेटी आणि दोन बटणे एवढाच पसारा होता. २००४ मध्ये याहूने स्वतःचे शोधयंत्र बसवले, तोवर लोकांच्या बोटांना दुसऱ्या दाराची सवय लागून गेली होती.

पान असे का भरत जाते, हे मी फार जवळून पाहिले आहे. एका शिक्षणसंस्थेचे मुख्यपान मी केले होते. नाव घेत नाही. पहिल्या बैठकीत सात दुवे ठरले. मग एकेक विभागप्रमुख येऊन ‘आमचेही पहिल्या पानावर हवे’ म्हणू लागला, आणि चार महिन्यांनी पानावर त्रेचाळीस दुवे आणि तीन सरकत्या पट्ट्या होत्या. प्रवेशअर्जाचा दुवा, ज्यासाठी पालक त्या पानावर येत, इतका खाली गेला की कार्यालयात दिवसभर ‘फॉर्म कुठे आहे?’ असे फोन येऊ लागले. दोष माझ्या रंगांचा नव्हता. कोणाला नाही म्हणायचे, हे ठरवणारे माणूसच त्या संस्थेत नव्हते.

याहूत हेच घडले, आणि हे मी बाहेरून तर्क लढवून म्हणत नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये ब्रॅड गार्लिंगहाउस या कंपनीतल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याचे अंतर्गत टिपण वॉल स्ट्रीट जर्नलने छापले. पावावर शेंगदाण्याचे लोणी पातळ पसरावे तशी आपण गुंतवणूक सगळीकडे पसरली आहे आणि कशावरच धड लक्ष नाही, अशी त्याची तक्रार होती. मुख्यपानाचे यापेक्षा नेमके वर्णन मी करू शकत नाही.

मला खरा त्रास होतो तो वेगळ्या गोष्टीचा. याच कंपनीने २००६ मध्ये ‘वाययूआय’ ही वेबपाने रचण्याची साधनपेटी सर्वांना मोफत दिली. तिच्यातली रीसेटची फाइल जोडली, की वेगवेगळ्या ब्राउझरांचे आपापले समास आणि अंतरे शून्यावर येत आणि पाटी कोरी होई. मग तेरा पिक्सेलच्या अक्षरापासून पान रचायला घ्यायचे. वाट पाहण्यातला ऐंशी ते नव्वद टक्के वेळ सर्व्हरवर नव्हे, ब्राउझरच्या बाजूला जातो, हे याहूच्याच अभियंत्यांनी आम्हाला मोजून दाखवले. स्टाइलशीट (पानाचे रूप ठरवणारी फाइल) वर ठेवा, स्क्रिप्ट (पानातल्या हालचालींचा कोड) तळाशी न्या, सर्व्हरकडच्या खेपा कमी करा, हे नियम मी आजही नव्या मुलांना शिकवतो. साऱ्या जगाला पान हलके करायला शिकवणाऱ्या माणसांना स्वतःच्या कंपनीचे पान आवरण्याचा अधिकार मिळाला नाही. २०१३ मध्ये मात्र नव्या बोधचिन्हातले उद्गारचिन्ह नऊ अंशांनी कलवण्यात खुद्द मुख्याधिकारी मारिसा मेयर यांनी जातीने लक्ष घातले.

ताळेबंद

आपले लेखन मनापासूनचे आहे, पण सुताराला सगळीकडे खिळेच दिसतात. जानेवारी २००० मध्ये याहूचे बाजारमूल्य सुमारे १२५ अब्ज डॉलर होते, आणि तेव्हाही ते पान गच्चच होते. घसरण झाली ती जाहिरातदारांमुळे. याहूला पैसे देणाऱ्यांत नव्या इंटरनेट कंपन्या मोठ्या संख्येने होत्या. त्या बुडाल्या तसे उत्पन्न आटले. पुढचा पैसा शोधाच्या जाहिरातींत होता आणि तो हुकला. शोधलेल्या शब्दाशेजारी जाहिरात दिसावी म्हणून त्या शब्दावर बोली लावण्याची पद्धत ज्या ओव्हर्चरने रुजवली, ती कंपनी याहूने २००३ मध्ये १.६३ अब्जांना घेतलीसुद्धा. तिच्या पेटंटांच्या वादात गूगलने २००४ मध्ये याहूला २७ लाख शेअर देऊन तडजोड केली. हुकमाचा पत्ता हातात असताना याहूची सुधारित जाहिरात यंत्रणा रखडत रखडत २००७ मध्ये आली. यात पानाच्या मांडणीचा संबंध कोठे येतो?

शिवाय याहू जपानकडे पाहा. त्याचे पान आजही माहितीने खचाखच भरलेले असते, आणि तरीही जपानमध्ये सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या पानांत ते मोडते. आपला सिद्धांत तेथे काय म्हणतो?

२००५ मध्ये अलीबाबा या चिनी ऑनलाइन व्यापार कंपनीत घातलेल्या एका अब्जाने पुढे भागधारकांना जे मिळवून दिले, तेवढे याहूच्या कोणत्याही पानाने दिले नाही. मूळ व्यवसाय २०१७ मध्ये व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीला ४.४८ अब्जांना गेला. हिशेब हा असा असतो.

वेबसुतार

जपानचे उदाहरण बिनतोड आहे, हे मला मान्य करावे लागते. पान गच्च असणे हा स्वतः गुन्हा नाही. पण तेथे मालकी वेगळी, कारभार वेगळा, आणि लिलाव व बातम्या हे तेथील लोकांच्या रोजच्या वापरातले राहिले. अमेरिकेतल्या पानावर काय ठेवायचे, हे वाचक ठरवत नव्हता.

रंगरंगोटी हा शब्द मला खटकला, तो याचसाठी. मांडणी म्हणजे समोरच्या माणसाला आपण काय मानतो याचा आराखडा. लोकांना स्वतःच्या वेबपानासाठी फुकट जागा देणारी जिओसिटीज घ्या. तेथे माणसे ‘वस्त्यां’मध्ये राहत, साहित्याची वस्ती वेगळी, सिनेमाची वेगळी, आणि पानाच्या पत्त्यात घराचा क्रमांक असे. १९९९ मध्ये याहूने ते साडेतीन अब्जांहून अधिक किमतीच्या शेअरांत घेतले, आणि लगेच लोकांच्या मजकुरावर व्यापक हक्क सांगणारी कलमे पुढे केली. रहिवासी खवळले तेव्हा ती मागे घ्यावी लागली. मग वस्त्यांचे पत्तेही गेले. छायाचित्रे ठेवण्याचे फ्लिकर २००५ मध्ये घेतले आणि २००७ मध्ये जुन्या सभासदांना याहूचेच खाते वापरण्याची सक्ती केली. प्रत्येक वेळी घर विकत घेतले आणि राहणाऱ्यांना भाडेकरू ठरवले. हे ताळेबंदात दिसत नाही, कारण निघून जाणारा माणूस पावती फाडून जात नाही.

माजघर

जिओसिटीजचा विषय निघाला म्हणून लिहिते. ऑक्टोबर २००९ मध्ये ते बंद झाले, तेव्हा मराठीची किती पाने गेली याची खंत कोणी केली का? माझी आत्या न्यू जर्सीला असते. तिने आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या दोनशेहून अधिक ओव्या सुषा फाँटमध्ये टंकून अशाच एका मोफत सेवेवर ठेवल्या होत्या. सेवेचे नाव मी घेत नाही. सेवा बंद होण्याची सूचना ज्या ईमेलवर गेली, ते तिने वापरणे सोडूनच दिले होते. तिला कळले तोवर पान नव्हते. बाजारमूल्य आणि अब्जांच्या या गप्पांत तिच्या ओव्यांची किंमत कोणत्या रकान्यात मांडायची, ते ताळेबंद यांनी सांगावे.

खिळेजुळारी

ताई, तुमच्या आत्याचे वाईट वाटते, पण खरे बोलले पाहिजे. ती पाने कंपन्यांनी मारण्याआधीच आपण मारली होती. सुषा, शिवाजी आणि तसल्या फाँटांत मजकूर इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवरच बसलेला असे. ज्याच्या संगणकावर फाँट नाही त्याला नुसता रोमन गोंधळ दिसे. देवनागरीत शोध घेतला तर असे पान सापडायचे नाही. मी स्वतः त्या काळात छपाईची कामे केली आहेत. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक संकेत देणारी पद्धत, उपलब्ध असताना ‘आमचा फाँट सुंदर दिसतो’ म्हणून आपण किती वर्षे वाया घालवली, याचा हिशेब आधी व्हायला हवा. बंद पडणारी संकेतस्थळे जतन करणाऱ्या अर्काइव्ह टीम या गटाने जिओसिटीजची पुष्कळ पाने उतरवून २०१० मध्ये सर्वांसाठी खुली केली. त्यातल्या सुषातल्या पानांना कोण वाचणार?

माजघर

‘आपण मारली’ हे वाक्य मला अत्यंत अन्यायकारक वाटते. १९९९ मध्ये घरच्या विंडोज ९८ वर मराठी युनिकोडमध्ये टंकणे सामान्य माणसाला शक्य होते का? माझ्या आत्याने एकेक कळ शोधून, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची हे लक्षात ठेवून, रात्री मुले झोपल्यावर त्या ओव्या घातल्या. तिने जे साधन हाती होते ते वापरले. दार लावणाऱ्याला सोडून घरात राहणाऱ्याला दोष देण्याची ही कोणती रीत?

खिळेजुळारी

१९९९ साठी माझे शब्द मागे घेतो. २००५ नंतर सुषात टंकणाऱ्यांसाठी घेत नाही.

ताळेबंद

माजघर यांनी मला थेट विचारले आहे, म्हणून उत्तर देणे भाग आहे. त्या ओव्यांसाठी माझ्याकडे रकाना नाही. पण फुकट जागा देणाऱ्याने ती कायम सांभाळावी, ही अपेक्षाही मला पटत नाही. सर्व्हरचे वीजबिल कोणीतरी भरतच असते.

वेबसुतार

कायम सांभाळा असे कोणीच म्हणत नाही. पण याहू ग्रुप्स या ईमेल-गटांच्या सेवेतला वीस वर्षांचा पत्रव्यवहार हटवण्याची घोषणा झाली ती ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि मुदत होती डिसेंबरच्या मध्यापर्यंतची. जानेवारीअखेरपर्यंतची वाढ मिळाली ती ओरड झाल्यावर. भाड्याची खोली सोडायलाही यापेक्षा अधिक अवधी मिळतो. त्याच कंपनीचे टपाल आजही कोट्यवधी लोक वापरतात. खाते उघडताना त्यांनी विश्वासच ठेवलेला असतो. २०१३ मध्ये तिची तीन अब्ज खाती फुटली, हे जगाला पुरते कळायला २०१७ उजाडले, आणि व्हेरायझनने किंमत ३५ कोटी डॉलरनी कमी केली ती अशाच चोऱ्या उघड झाल्यामुळे. म्हणजे लोकांचा विश्वास तुमच्या ताळेबंदातही आलाच.

ताळेबंद

ते ३५ कोटी मान्य. फ्लिकरच्या सक्तीचा मुद्दाही, नाइलाजाने, मान्य. त्या सभासदांना दुखावून एक डॉलरही वाढला नसावा. पहिल्या पानाने कंपनी बुडाली, हे मात्र मी मान्य केलेले नाही.

खिळेजुळारी

माजघर ताई, आत्यांकडे त्या ओव्यांची मूळ फाइल कोठे राहिली आहे का? जुन्या सीडीवर असली तरी चालेल. फाइल उघडल्यावर रोमन अक्षरे दिसली तर घाबरू नका आणि वर्डमध्ये पुन्हा सेव्ह करू नका, त्याने संकेत बिघडू शकतात. सुषाचे युनिकोड करताना वेलांट्या आणि रफार हमखास जागा चुकतात, ते मी हाताने तपासून देईन.

माजघर

सीडी आहे. आत्याला आजच फोन करते.