मायकेल रटर यांची प्रकाशनसूची कशी वाचावी?

प्रश्न – निवासी डॉक्टर, मेडिकल चौक

नमस्कार. मी नागपुरात मनोविकारशास्त्रात एम.डी. करीत आहे. पुढील जर्नल क्लबमध्ये (शोधनिबंधांवर चर्चा करण्याच्या बैठकीत) एखाद्या शोधनिबंधाऐवजी एका संशोधकाचे आयुष्यभराचे प्रकाशित लेखन मांडावे, असे आमच्या मॅडमनी सुचविले असून मी बालक व किशोर मनोविकारशास्त्रातील सर मायकेल रटर (१९३३–२०२१) यांची निवड केली आहे. त्यांच्या नावावर ४०० हून अधिक शोधनिबंध आहेत, शिवाय पुस्तके वेगळी. उद्धरणांच्या (इतरांनी किती वेळा संदर्भ दिला त्या) संख्येनुसार पहिले दहा निबंध निवडून मांडणे योग्य ठरेल काय?

उत्तर – धंतोलीकर

उद्धरणांचा क्रम लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रश्नावलीचा किंवा आढावा घेणारा निबंध पुढील प्रत्येक अभ्यासात उद्धृत होतो. मुलांचा माग वर्षानुवर्षे ठेवून लिहिलेला निबंध मात्र त्या क्रमात खाली राहू शकतो. रटर यांचे सामर्थ्य याच दुसऱ्या प्रकारात आहे. १९६४-६५ मध्ये आइल ऑफ वाइट या इंग्लंडच्या बेटावरील दहा-अकरा वर्षांच्या मुलांची त्यांनी पाहणी केली, तीच मुले चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली आणि पुढे लंडनच्या दाट वस्तीतील मुलांशी तुलना केली, तेव्हा तेथे विकारांचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. हे निबंध सलग वाचल्यास एकच प्रश्न पुढे सरकताना दिसतो: मुलाच्या त्रासात घर, शाळा आणि वस्ती यांचा वाटा किती?

दुसरा धागा स्वमग्नतेचा (ऑटिझमचा). स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा फारसा नसावा, असे साठच्या दशकात रटर यांचेच मत होते. १९७७ साली सुझन फोलस्टाइन यांच्यासह त्यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जनुके सारखी असणाऱ्या एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती, तर द्विबीज १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे आढळले नाही. एवढ्या थोड्या जोड्यांवरून निघालेल्या, आनुवंशिकतेकडे बोट दाखविणाऱ्या निष्कर्षाने स्वमग्नतेसाठी आईच्या वागण्याला दोष देणाऱ्या विचाराचा पाया खचला, आणि त्या काळातील कित्येक मातांच्या माथ्यावरचे ओझे त्यामुळे उतरले असेल, हे मला आजही फार मोलाचे वाटते. आपण हा निबंध अवश्य मांडावा.

उत्तर – ग्रंथालय सेवक

शोधाविषयी थोडेसे. पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर) केवळ आडनाव आणि आद्याक्षर टाकल्यास इतर रटरही यादीत मिसळतात, म्हणून विषय आणि सहलेखक यांची जोड द्यावी. पुस्तके तेथे बहुतांशी सापडत नाहीत. लंडनमधील १२ माध्यमिक शाळांवरील त्यांचे १९७९ चे काम पुस्तकरूपात असल्याने नजरेतून निसटण्याची शक्यता आहे. लेखकांचा क्रमही पाहावा. रुमानियातील अनाथालयांतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांवरील १९९८ च्या निबंधात रटर पहिले लेखक आहेत, तर त्याच मुलांच्या तरुणपणावरील २०१७ च्या निबंधात पहिले नाव एडमंड सोनुगा-बार्क यांचे असून रटर मधल्या लेखकांत आहेत. काम पुढील पिढीकडे कसे गेले, हे त्या क्रमातून कळते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक शंका आहे. माझा प्रबंध नागपुरातील शाळकरी मुलांच्या भावनिक अडचणींवर आहे. साठ वर्षांपूर्वीच्या बेटावरील अभ्यासाचा त्यात कितपत उपयोग होईल?

उत्तर – धंतोलीकर

आकडे उचलू नका, पद्धत मात्र जरूर घ्या. त्या पाहणीत पालक आणि शिक्षक अशा दोघांकडूनही प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या, आणि पालकांनी दाखविलेली मुले व शिक्षकांनी दाखविलेली मुले बऱ्याच अंशी निरनिराळी निघाली. आपल्या बाह्यरुग्ण विभागातही हेच घडते: शाळेची चिठ्ठी घेऊन आलेली आई "घरी तर हा अगदी शांत असतो जी" असे सांगते आणि आपण कोणाचे खरे मानावे या विचारात पडतो. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते, कारण मूल दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वागते. म्हणून केवळ शिक्षकांच्या प्रश्नावलीवर प्रबंध उभारू नये.

शिवाय किशोरवयीन मुलांशी प्रत्यक्ष, एकट्याने बोलावे. १९७६ च्या निबंधात रटर आणि सहकाऱ्यांनी दाखविले, की चौदा-पंधरा वर्षांची अनेक मुले मुलाखतीत आपल्या दुःखी मनःस्थितीविषयी सांगतात आणि त्याची कल्पना पालकांना वा शिक्षकांना पुष्कळदा नसते. शाळेची परवानगी मागताना अशा मुलाखतींसाठी स्वतंत्र खोली मिळेल का, हे मुख्याध्यापकांना पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे; वर्गाच्या कोपऱ्यात बसून कोणतेही मूल मनातले बोलणार नाही.